बंद सराव

नलिनीने डाव्या कानाची पाळी चिमटीत धरली, आणि कुंदाने मांडीवरच्या वहीत लिहिलं, 'कान'. मग मान उंच करून तिने जाळीपलीकडे पाहिलं. चढाईला आलेली मुलगी उजवीकडे सरकली तशी कोपऱ्यातली खेळाडू झेप घालून तिच्या घोट्याला भिडली. कुंदाने 'कान'च्या पुढे लिहिलं, 'कोपरा. घोटा पकडणार.'

सकाळचे साडेसात झाले होते. गोराई गावातल्या एका शाळेच्या मागच्या पटांगणाला हिरवी जाळी लावून अंधेरीच्या कॉलेजने मुलींच्या कबड्डी संघाचं शिबिर घेतलं होतं. जाळीला लागून एक बंद बंगला होता. त्याच्या बाहेरच्या जिन्यावर, वरून चौथ्या पायरीवर, कुंदा धुरी ओढणी डोक्यावर घेऊन बसली होती. बंगल्याची राखण करणाऱ्या फिलोमिनाबाईंना तिने सांगितलं होतं, पुतणीच्या हळदीसाठी जागा बघायचीय, ऊन कुठून कसं येतं तेवढं पाहते. पहिल्या दिवशी बाईंनी विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी चहा दिला. आज तिसऱ्या दिवशी झाडांना पाणी घालता घालता त्या म्हणाल्या, "तीन दिवस ऊन बघताय. हळद आहे का वाळवण?"

कुंदा नुसती हसली.

गेल्या वर्षी दोन कॉलेजांत मोबाइलवरच्या एका व्हिडिओवरून भांडण झालं होतं. तेव्हापासून उपनगर चषकाच्या समितीने नियमच केला होता. सामन्यात समोर दिसलेली खूण कुणी ओळखली तर ती त्याची हुशारी. पण दुसऱ्या संघाचा बंद सराव लपून बघायचा नाही, टिपायचा नाही. तसं केलं तर प्रशिक्षकावर बंदी आणि सामना रद्द. त्या परिपत्रकाखाली सगळ्या कॉलेजांच्या सह्या होत्या. बोरिवलीच्या कॉलेजची सही त्यांच्या संघाला शिकवणाऱ्या कुंदाचीच होती.

पटांगणात नलिनी कर्णिक मुलींना काहीतरी दाखवण्यासाठी उकिडवी बसली आणि तशीच झटक्यात उठली. पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, खांद्यावर टॉवेल. कुंदाच्याच वयाची, म्हणजे एकावन्नची. उठताना तिने कशाचाच आधार घेतला नाही. कुंदाचा उजवा गुडघा गेली सहा वर्षं जिन्याच्या प्रत्येक पायरीवर कुरकुरत होता. नलिनीचं ते झटक्यात उठणं तिला जितकं टोचलं तितकं तिच्या ट्रॅकसूटच्या पाठीवरचं 'मुख्य प्रशिक्षक'सुद्धा टोचलं नव्हतं.

साडेनऊपर्यंत वहीत तीन खुणा पक्क्या झाल्या. कान म्हणजे कोपरा घोटा पकडणार. गुडघ्यावर हात म्हणजे हात धरलेल्यांची साखळी घेरणार. खांद्यावर टॉवेल टाकला म्हणजे पकडायचं नाही, चढाई करणारीला सोडून द्यायचं.

परतीच्या बोटीवर चढण्याआधी कुंदाने बोंबील घेतले. तीन दिवस तिने बोंबीलच घेतले होते.

*

"काय गो, आज पण बोंबील?" सीतारामने पिशवीत डोकावून विचारलं. तो मरोळच्या औद्योगिक वसाहतीत फिटर होता, त्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला जायचा. "गोराईत दुसरो मासो गावना नाय काय?"

"ताजे होते म्हणून आणले."

"ताजे आसतीत. पण बाजार तर आपल्या चाळीच्या तोंडाशी आसा. बोटीत बसान बोंबील कोण हाडता?"

कुंदा विळीवर बसली. सीतारामने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "नलिनीचा संघ थंयच हा ना, गोराईत?" तो हळूच म्हणाला. कुंदाने बोंबलाचं डोकं उडवलं. तीस वर्षांच्या संसारात काही गोष्टी सीताराम एकदाच विचारायचा.

नलिनीचं नाव त्या घरात फार पूर्वीपासून होतं. दोघी कांदिवलीच्या एका मंडळात एकत्र खेळल्या होत्या. कुंदाचे वडील गिरणीत होते. संपानंतर गिरणी बंद पडली आणि ते एका सोसायटीत रखवालदारी करू लागले. नलिनीचे वडील सरकारी कचेरीत अधिकारी. नलिनी मंडळात आली तेव्हा तिला दम धरून 'कबड्डी कबड्डी' म्हणता येत नव्हतं. कुंदाने तिला हाताला धरून शिकवलं. मंडळातली जुनी माणसं म्हणायची, कुंदाच्या पायात वीज आहे.

मग चौऱ्याण्णव साली राज्य संघाची निवड चाचणी झाली. उपनगरातून एकच चढाईपटू घ्यायची होती. घेतली नलिनीला. त्यातून नलिनीला क्रीडा कोट्यातली नोकरी मिळाली, राज्याचा पुरस्कार मिळाला, पुढे प्रशिक्षकाचा कोर्स झाला. कुंदाचं पुढच्या वर्षी लग्न झालं. कॉलेजच्या जिमखान्यात क्रीडा साहाय्यक म्हणून लागली ती आजतागायत कंत्राटावर होती. मॅट घालणं, मॅट उचलणं, जर्सी धुवायला देणं, आणि पदावर कुणी नसल्यामुळे संघाला शिकवणं, ही सगळी तिची कामं.

नलिनीच्या वडिलांनी कुणाला तरी फोन केला असणार, हे कुंदाने त्या चाचणीच्या संध्याकाळीच ठरवून टाकलं होतं. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. पण एकतीस वर्षं ती गोष्ट तिने इतक्या वेळा मनात घोळवली होती, की त्या फोनवरचा आवाजसुद्धा तिला पाठ झाला होता. नलिनीचा फोटो पेपरात आला की ती पेपर उलटा घडी करून ठेवायची. स्पर्धेत भेट झाली की नलिनी हात पुढे करायची, "कशी आहेस कुंदे?" आणि कुंदा तो हात धरून म्हणायची, "मस्त." घरी आल्यावर मात्र तिला जेवण जात नसे.

*

"शाब्बास म्हटलं की कोपरा येतोय. सावकाश म्हटलं की साखळी. बघून म्हटलं की त्या सोडून देणारेत, बिनधास्त बोनस घे," कुंदाने अबोलीला सांगितलं. अबोली बोरिवलीच्या संघाची चढाईपटू. एकोणीस वर्षांची, सडपातळ, आखूड केसांची, बोलायला फटकळ.

"पण तुम्हाला कसं कळणार मॅडम, त्या काय करणारेत?"

"एकतीस वर्षं बघतेय. पायावरून कळतं."

"मग मला शिकवा ना, पायावरून कसं कळतं ते."

"त्याला वेळ लागतो. फायनल रविवारी आहे."

अबोलीने मान डोलावली. चार दिवस ती तीन शब्दांवर पळाली. शाब्बास म्हटलं की मागे उडी, सावकाश म्हटलं की मधली फट, बघून म्हटलं की सरळ बोनस रेषा.

फायनल मुलुंडला होती. नलिनीचा संघ सलग चार वर्षं जिंकत आलेला. तिची चढाईपटू श्रुतिका म्हणजे स्पर्धेतली सगळ्यात नावाजलेली मुलगी. समितीचे लोक आणि राज्य निवड समितीतले दोघे पुढच्या रांगेत बसले होते. निवड समितीची तिसरी सभासद स्वतः नलिनीच होती. शिट्टी झाली. अबोली पहिल्या चढाईला गेली, आणि समोरच्या बाकावर नलिनीने कानाची पाळी धरली.

"शाब्बास अबोली, शाब्बास," कुंदा ओरडली.

कोपऱ्यातली मुलगी झेपावली तेव्हा अबोलीचा पाय तिथे नव्हताच. हवेत हात मारून ती मुलगी तोंडावर पडली, आणि अबोली तिच्या पाठीला शिवून मध्यरेषेवर परत आली.

मग तसंच होत गेलं. गुडघ्यावर हात, सावकाश. टॉवेल, बघून. मध्यंतराला बोरिवली अकरा गुणांनी पुढे होती. प्रेक्षकांत कुणीतरी म्हणालं, ही पोरगी बचाव पुस्तकासारखा वाचते. कुंदाने समोरच्या बाकाकडे पाहिलं. तिला नलिनीचा पडलेला चेहरा बघायचा होता. पण नलिनी मुलींना पाणी देत होती, आणि मधूनच अबोलीकडे अशी बघत होती जसं माणूस दुसऱ्याच्या दारातला चांगला फुललेला मोगरा बघतं.

शेवटच्या पाच मिनिटांत नलिनीने खुणा थांबवल्या. मुली फार ताणात आहेत असं वाटून असेल, तिने हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "तुमचं तुम्ही खेळा." कुंदाकडे ओरडायला काही उरलं नाही. अबोलीने दोनदा बाकाकडे पाहिलं आणि दोन्ही वेळा पकडली गेली. दुसरीकडे श्रुतिकाने एकटीने पाच गुण काढले. पण वेळ संपली होती. चार गुणांनी बोरिवली जिंकली. मुलींनी कुंदाला उचलून घेतलं.

नलिनी मॅट ओलांडून आली. आधी तिने अबोलीची पाठ थोपटली. "समोरच्यांचा गुडघा बघतेस ना? कुंदाची शिकवण आहे. लगेच ओळखली मी."

अबोलीने कुंदाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो मॅडम."

"छान केलंस गं कुंदे," नलिनी म्हणाली. हात पुढे केला.

कुंदाने तो हात धरला. "मस्त खेळल्या तुझ्या पण," ती म्हणाली. त्या रात्री ती पोटभर जेवली.

*

बुधवारी दुपारी नलिनीचा फोन आला.

"राज्याच्या तयारी शिबिरासाठी आपल्याकडून एक चढाईपटू पाठवायची होती. तुझ्या अबोलीचं नाव दिलं. यादी उद्या लागेल, म्हटलं आधी तुला सांगावं."

कुंदा जर्सींच्या गठ्ठ्यावर बसली. "आणि श्रुतिका?"

"श्रुतिका माझी पोर आहे, तिला बसवून मीच सांगितलं. बाकीचे दोघे तिच्याच बाजूने होते. मी म्हटलं, जी बचाव वाचू शकते तिचं मोल जास्त. श्रुतिकाचं हे शेवटचं वर्ष होतं गं. पण खेळात आपलं-परकं करून चालत नाही ना."

फोन ठेवल्यावर कुंदाला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. नलिनी हरली होती, तिची लाडकी मुलगी हरली होती, तरी देणारी नलिनीच राहिली होती आणि घेणारी कुंदा. इतकं मोठं मन ठेवायला हिला कुणी सांगितलं होतं, असं तिच्या मनात आलं, आणि तिला त्या मोठ्या मनाचाच राग आला.

अबोलीला बातमी कळली तेव्हा ती रडली. तिची आई पेढे घेऊन जिमखान्यात आली. पहिला पेढा कुंदाच्या हातावर ठेवून वाकून पाया पडली.

शुक्रवारी चारच्या सुमाराला जिमखान्याच्या दारात श्रुतिका उभी होती. पाठीला सॅक, डोळ्यांखाली काळं.

"मॅडम, येऊ का? नलिनी मॅडमनी पाठवलं."

"कशाला?"

"त्या म्हणाल्या, तू बचाव वाचण्यात कमी पडतेस. कुंदाकडे जा, ती शिकवेल. आठवड्यातून एक दिवस आले तरी चालेल का तुम्हाला? अबोलीला शिकवलंत तसं."

कुंदाने कॉलेजच्या राखीव संघातल्या पाच मुली मॅटवर उभ्या केल्या आणि श्रुतिकाला म्हणाली, "घे चढाई. बघू."

श्रुतिकाने सहा चढाया केल्या. कुंदा भिंतीला टेकून बघत राहिली. ती मुलगी समोरच्या पाचजणींकडे न बघितल्यासारखं बघायची. कोपरा हलायच्या आधी तिचं अंग वळलेलं असायचं. साखळी बंद व्हायच्या आधी ती फटीतून निसटायची. सहापैकी एकदाच पकडली गेली, आणि तीही पाय घसरून.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"नलिनी मॅडमनी. म्हणजे तुम्हीच." श्रुतिका धापा टाकत कमरेत वाकली होती. "त्या नेहमी सांगतात ना, मंडळात असताना कुंदाने मला शिकवलं, पायाकडे बघू नकोस, पाय खोटं बोलतो. गुडघा बघ. आम्हाला सगळ्यांना पाठ आहे ते."

कुंदाने मॅटवरच्या मुलींना घरी जायला सांगितलं. श्रुतिकाला म्हणाली, "तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही."

मुलीचा चेहरा उतरला. तिला वाटलं, मॅडमनी नकार दिला.

"तू कमी पडत नाहीस, असं म्हणतेय मी," कुंदा म्हणाली. पण ते वाक्य तिचं तिलाच अर्धवट वाटलं.

*

शनिवारी सकाळी ती अंधेरीला नलिनीच्या घरी गेली. आयुष्यात पहिल्यांदाच. तिने मनात ते घर फार वेळा सजवलं होतं. काचेची कपाटं, त्यात चषक, भिंतीवर पुरस्कार घेतानाचा फोटो. दार उघडलं तर समोर दोन खोल्यांचं साधं घर होतं. आतल्या पलंगावर नलिनीची ऐंशीच्या पुढची आई झोपली होती, आणि नलिनी जमिनीवर मांडी घालून मटार सोलत होती. चषक कुठेच दिसत नव्हते.

"माळ्यावर आहेत खोक्यात," कुंदाची नजर बघून नलिनी म्हणाली. "आईला धुळीचा त्रास होतो. बस ना."

कुंदा खुर्चीवर बसली. पिशवीतून वही काढून तिने नलिनीसमोर धरली. नलिनीने चष्मा लावून पहिलं पान वाचलं, मग दुसरं. मटाराची एक शेंग तिच्या हातात तशीच राहिली.

"हे गोराईचं?"

"हो."

"किती दिवस?"

"तीन. बाजूच्या बंगल्याच्या जिन्यावर."

नलिनी पुन्हा वहीत बघत राहिली. "टॉवेल डाव्या खांद्यावर असला तर ती खूण नसते. तो नुसता टॉवेल असतो," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "तेवढं चुकलंय. म्हणजे अबोलीला तू बाकावरून..."

"शब्द ठरवले होते. तिला माहीत नाही मला कुठून कळलं ते. तिला वाटलं, मी पायावरून ओळखते."

आत म्हातारीने कूस बदलली. नलिनीने वही मिटली, शेंग ताटात ठेवली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर.

"मी त्या पोरीला तोंडावर सांगितलं, तू कमी पडलीस. वीस मिनिटं रडत बसली होती, इथेच, तू बसलीयेस तिथे. ते आता मी परत कसं घेऊ?"

कुंदाने ताटातल्या शेंगेकडे पाहिलं.

"बोल ना. तीन दिवस बसलीस, त्या तीन दिवसांत एकदा तरी वाटलं नाही तुला, उठावं?"

"नाही वाटलं," कुंदा म्हणाली. "तुला बघत बसले होते ना. तू कशी उठतेस, कशी बसतेस. तू हरावंस एवढंच पाहिजे होतं मला."

"मी तुझं काय केलं गं?"

एकतीस वर्षं कुंदा या प्रश्नाची वाट बघत होती. उत्तर तोंडपाठ होतं. "चौऱ्याण्णवला तुझ्या बाबांनी फोन केला होता. निवड समितीत. म्हणून तुला घेतलं."

नलिनी तिच्याकडे बघतच राहिली. "बाबांना मी कबड्डी खेळते हेच पसंत नव्हतं. चाचणीला मी मैत्रिणीच्या साखरपुड्याला जाते सांगून आले होते. निवड झाल्यावर महिनाभर बोलले नाहीत माझ्याशी. तुला कुणी सांगितलं फोनचं?"

"कुणी नाही."

खिडकीखाली भाजीवाला ओरडत गेला.

"त्या दिवशी मी चांगली खेळले, कुंदे," नलिनी म्हणाली. "बाकी सगळ्या दिवशी तू खेळायचीस. मला ते माहीत होतं, तुलाही होतं. पण निवडीचा दिवस तो होता."

कुंदाला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. नुसतंच पोकळ वाटलं, गठ्ठे उचलून नेल्यावर खोली दिसते तसं. "मला वाटलं, तू ओरडशील," ती म्हणाली.

"आई झोपलीय." नलिनी उठली, टेबलाच्या खणातून कोरा कागद आणि पेन काढून तिने कुंदासमोर ठेवलं. "लिहून दे. तारखा घाल. अबोलीला ठाऊक नव्हतं, ते स्पष्ट लिही, नाहीतर तिच्यावरही बंदी येईल. मी आज समितीला देणार आहे. तुझ्यासाठी मी त्यातलं काही कमी करणार नाही."

"करू नकोस," कुंदा म्हणाली, आणि लिहायला घेतलं.

*

चषक परत गेला. कुंदावर तीन वर्षांची बंदी आली. मार्चमध्ये कॉलेजने तिचं कंत्राट पुढे केलं नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीचा निरोप ऑफिसातल्या एका मुलीने टाइप केलेलं पत्र हातात देऊन दिला. सीतारामने पत्र वाचून घडी केली आणि म्हणाला, "जाऊंदे. तुझो गुडघो तरी बरो व्हतलो."

अबोली मात्र तिला भेटायलाच आली, समितीचं पत्र मिळाल्यावर दोन दिवसांनी. घरात आली नाही, दारातच उभी राहिली.

"मला सगळे चोर म्हणतात कॉलेजमध्ये."

"मी लिहून दिलंय की तुला ठाऊक नव्हतं."

"मी नलिनी मॅडमना 'हो' म्हटलं होतं. गुडघा बघते म्हणून. मला कुठे माहीत होतं गुडघा बघतात ते? त्यांच्या सगळ्या पोरींना माहितीये. तुम्ही मला का नाही शिकवलं, मॅडम?"

नलिनीकडे बघण्यात ही मुलगी आपल्याला दिसलीच नव्हती, हे कुंदा कुठल्या शब्दांत सांगणार होती? अबोली थोडी थांबली आणि जिना उतरून गेली.

शिबिराच्या जागेसाठी समितीने खुली चाचणी ठेवली, एप्रिलच्या पहिल्या रविवारी, अंधेरीला. प्रेक्षकांना मनाई नव्हती. कुंदा सगळ्यात वरच्या पायरीवर बसली. बाराजणी होत्या. खाली टेबलाशी नलिनी बसली होती, टोपी बाजूला ठेवून, पेन घेऊन. तिने एकदा वर पाहिलं, कुंदाला ओळखलं आणि पुन्हा कागदात बघू लागली.

अबोलीच्या पहिल्या दोन चढाया वाया गेल्या. तिसऱ्या वेळी ती मध्यरेषेवर उभी राहिली आणि सवयीने बाकाच्या दिशेला वळली. बाक मोकळा होता. मग तिने मान वळवली आणि समोरच्या सातजणींकडे खालून वर नीट पाहून घेतलं. त्या चढाईत तिने एक गुण आणला. नंतर आणखी चार.

निवड श्रुतिकाची झाली. अबोली तिसरी आली. नाव वाचल्यावर नलिनीने श्रुतिकाला जवळ घेतलं, आणि वर बसलेल्या कुंदाच्या छातीत जुनीच कळ उठली. आपल्याही कुशीत कुणी असं यायला हवं होतं. सगळं कळल्यावरही ती कळ उठली, याचं तिला नवल वाटलं.

सॅक खांद्याला लावून अबोली पायऱ्यांवरून चालली होती. कुंदाच्या खालच्या पायरीशी ती थांबली. तिच्याकडे न बघता म्हणाली, "शेवटच्या चढाईत काय चुकलं माझं?"

"उजवा कोपरा गुडघ्यात वाकला होता. तू डावीकडे बघत होतीस."

अबोलीने मान हलवली. "दिसला होता. उशिरा दिसला," ती म्हणाली आणि गेली.

ऊन चढलं. माणसं पांगली. खाली दोन कर्मचारी मॅटचे चौकोन सुटे करू लागले, पण त्यांना ते नीट जमत नव्हतं. कोपऱ्यातून सुरुवात करायच्या ऐवजी ते मधूनच ओढत होते, त्यामुळे कडा फाटत होत्या. कुंदा कठड्याला धरून एकेक पायरी उतरत खाली आली. मॅटच्या काठाशी येऊन तिने चपला काढल्या. एक पाय पुढे टाकणार तोच तिला बंदी आठवली.

"कोपऱ्यातून सोडवा," ती तिथूनच त्यांना म्हणाली. "लवकर सुटतात."

त्यातल्या एकाने हात वर करून बरं म्हटलं. त्यांनी कोपऱ्यातून सुरुवात केली. पहिली ओळ सुटेपर्यंत कुंदा काठावर अनवाणी उभी राहिली, मग तिने चपला पायात सरकवल्या.